‘हिरडीपुरती’ आणि ‘हाडापर्यंत’ : दंतरोपणाभोवतीच्या शोथाच्या संज्ञांचे परीक्षण

१

वैद्यकातील पारिभाषिक संज्ञा ही वैद्यवर्गाची खाजगी मालमत्ता होय आणि भाषाभ्यासकाने तिच्याकडे फिरकण्याचे कारण नाही, असा समज विद्यापीठीय वर्तुळातही दृढ झालेला दिसतो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. रोगाचे नाव वैद्य उच्चारतो, पण ते ऐकतो रोगी. आणि त्या नावाचा त्याच्या मनात जो अर्थ उमटतो, त्यावर त्याचे पुढचे वर्तन अवलंबून असते. नाव शास्त्रदृष्ट्या निर्दोष असूनही श्रोत्याच्या भाषेत त्याने भलताच अर्थ दिला, तर ती चूक केवळ कोशापुरती राहत नाही. तिचे परिणाम शरीरावर होतात.

दंतवैद्यकातील ‘पेरिइम्प्लांटायटिस’ ही संज्ञा या दृष्टीने उद्बोधक आहे. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टिटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभारण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. या स्क्रूभोवतीच्या ऊतींना जिवाणूंच्या थरामुळे शोथ येतो. तो प्रारंभी हिरडीत असतो आणि दुर्लक्ष झाल्यास खाली उतरून हाड नष्ट करतो. पहिल्या अवस्थेस ‘पेरिइम्प्लांट म्युकोसायटिस’ आणि दुसरीस ‘पेरिइम्प्लांटायटिस’ अशी नावे आहेत. पहिली अवस्था साफसफाईने व काळजीने बरी होऊ शकते. दुसरीत गेलेले हाड आपण होऊन परत येत नाही. उपचाराच्या दृष्टीने एवढे मोठे अंतर असलेल्या या दोन अवस्थांना मराठी बोलण्यात मात्र बहुधा एकच नाव मिळते : ‘हिरडीला सूज आली आहे’. या एका वाक्यात दोन रोग बुडून जातात, आणि त्यांतील कोणता आपल्याला झाला आहे हे रोग्याला कळत नाही. ही हानी कशी घडते, तिला मूळ संज्ञा कितपत जबाबदार आहे आणि मराठीच्या भांडारात तिच्यावर काही उपाय आहे काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम संज्ञेची घडण पाहू. तिचे तीन घटक आहेत. ‘पेरि’ हा ग्रीक उपसर्ग ‘सभोवती’ या अर्थाचा असून तो आपल्या ‘परि’ या उपसर्गाचा सगोत्र आहे. ‘इम्प्लांट’ हा लॅटिनमधून आलेला शब्द, ‘आत रोवणे’ हा त्याचा मूळ अर्थ. शेवटचा ‘-आयटिस’ हा प्रत्यय सर्वांत रोचक आहे. ग्रीकमध्ये तो मुळात ‘शोथ’ या अर्थाचा नव्हता. ‘अमुक अवयवाची’ एवढाच संबंध दाखविणारा तो स्त्रीलिंगी विशेषणप्रत्यय होता आणि ‘नोसोस’, म्हणजे ‘व्याधी’, हे त्याचे स्त्रीलिंगी विशेष्य अध्याहृत असे. ‘आर्थ्रायटिस’ म्हणजे नुसती ‘सांध्याची व्याधी’. पुढे विशेष्य गळाले, विशेषण नामासारखे वावरू लागले आणि अर्वाचीन युरोपीय वैद्यकात त्याचा अर्थ ‘शोथ’ असा संकुचित झाला. अर्थसंकोचाचे हे नमुनेदार उदाहरण आहे. त्याचा एक परिणाम असा की हा प्रत्यय लागला म्हणजे रोगाचे सार शोथात आहे असे गृहीत धरले जाते. रोगात आणखी काय घडते ते नावाबाहेर राहते.

‘पेरिइम्प्लांटायटिस’ या शब्दाच्या पहिल्या नोंदींपैकी एक १९६५ साली फ्रेंच दंतवैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेव्हिन्याक यांच्या लेखात सापडते. त्या लेखाच्या शीर्षकातच तीन शब्द शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. एक ‘रोपणाभोवतीचे अस्थिविलयन’ या अर्थाचा, दुसरा ‘-ओज’ प्रत्ययाचा म्हणजे ऱ्हासवाचक आणि तिसरा ‘-इत’ प्रत्ययाचा म्हणजे शोथवाचक. ही मांडणी अर्थपूर्ण आहे. हाड विरघळते हे प्रत्यक्ष दिसत होते. ते ऱ्हासाने विरघळते की शोथाने, हा प्रश्न होता. पुढील काळाने या तिघांतून शोथवाचक नाव उचलले आणि उरलेली दोन मागे पडली. ज्या शब्दात हाडाचा स्पष्ट उल्लेख होता तोच व्यवहारातून गेला, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवावी. पुढील विवेचनात तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

दुसरी एक गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. त्याच १९६५ साली स्वीडनमधील योटेबोर्य येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टिटेनियमचे रोपण केले. टिटेनियमशी हाड घट्ट जखडले जाते, हे त्यांच्या ध्यानात १९५० नंतरच्या दशकात सशांच्या हाडावरील प्रयोगांत आले होते. म्हणजे लेव्हिन्याक यांच्या डोळ्यांसमोर जी रोपणे होती ती या पद्धतीची नव्हती. आज ज्या वस्तूभोवतीच्या रोगास हे नाव दिले जाते, ती वस्तू त्या नावाच्या जन्मकाळी प्रचारात आलेली नव्हती. वस्तू बदलली, नाव टिकले.

नावाला जिवाणुशास्त्राचा आधार मिळाला तो १९८७ साली. बर्न येथील मोंबेल्ली व त्यांचे सहकारी यांनी यशस्वी आणि अयशस्वी रोपणांभोवतीच्या जिवाणूंची तुलना केली. अयशस्वी रोपणांभोवती जे जिवाणू आढळले ते पेरिओडाँटायटिसच्या, म्हणजे लोकभाषेतील पायोरियाच्या, जिवाणूंशी मिळतेजुळते होते. येथून पुढे ‘दातास जसा पायोरिया तसा रोपणास हा रोग’ हे समीकरण स्थिरावले. आता जी कसोटी लावायची ती या समीकरणालाच.

३

साम्यावर आधारलेल्या नावात साम्य जेवढे खरे तेवढेच भेदही खरे असतात; नाव मात्र साम्यच बोलून दाखविते. येथील भेद मूलगामी आहेत.

नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. दाताचे मूळ व हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ बंध असतो. त्याचे तंतू एका टोकाने मुळाच्या आवरणात व दुसऱ्या टोकाने हाडात शिरलेले असतात. त्यातून रक्तवाहिन्या व संवेदना जातात. हिरडीतील तंतूही दाताच्या मुळात आडवे शिरून तिला दाताशी बांधून ठेवतात. टिटेनियमच्या स्क्रूभोवती हा बंध नसतो. हाड धातूला थेट भिडलेले असते. हिरडीतील तंतू धातूत शिरू शकत नाहीत. ते त्याच्या पृष्ठभागाला समांतर किंवा त्याच्याभोवती वर्तुळाकार जातात. बंधातून मिळणारा रक्तपुरवठाही तेथे नाही. त्यामुळे जिवाणूंना अडविणारी तटबंदी मुळातच दुबळी असते.

याचे परिणाम ऊतींच्या तपासणीत दिसतात. पायोरियात शोथाचे क्षेत्र व हाड यांच्यामध्ये निरोगी संयोजी ऊतीचा एक पट्टा बहुधा शिल्लक राहतो. रोपणाभोवतीच्या रोगात असा पट्टा आढळत नाही; शोथ हाडाच्या कडेपर्यंत जाऊन भिडतो. मानवी ऊतींच्या तुलनात्मक अभ्यासात रोपणाभोवतीचे शोथक्षेत्र पायोरियातील क्षेत्राच्या दुपटीहून मोठे आढळले आहे. हाडाची हानीही समगतीने न होता वाढत्या वेगाने होते.

लक्षणांतील भेद तर रोग्याच्या दृष्टीने अधिकच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे दाताच्या रोगाची जी लोकप्रसिद्ध चिन्हे आहेत त्यांत दोन प्रमुख : दात दुखणे आणि दात हलणे. रोपणाभोवतीचा रोग पुष्कळदा दुखत नाही. आणि तो हलतही नाही. कारण वरच्या भागातील हाड नाहीसे झाले तरी खालच्या भागात स्क्रू हाडाला जखडलेलाच राहतो. नैसर्गिक दात क्रमाक्रमाने सैल होत जातो. रोपण हलू लागले तर हाडाशी असलेला त्याचा संबंध संपूर्ण तुटला असे समजावे लागते. त्यानंतर ते काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. ‘हलत नाही, दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा परंपरेने शिकविलेला तर्क येथे घातक ठरतो. येथील विश्वसनीय पहिले चिन्ह म्हणजे रक्त येणे, आणि तेच आपल्या बोलण्यात सर्वांत क्षुल्लक मानले गेले आहे.

या ठिकाणी सुश्रुताची आठवण होणे साहजिक आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दंतमूलगत रोग पंधरा सांगितले आहेत. त्यांत अकस्मात रक्तस्राव होऊन हिरड्या मऊ पडणे हा ‘शीताद’. पूरक्त वाहून दात हलू लागणे हा ‘दंतवेष्ट’. रक्त येण्याची अवस्था आणि दात हलण्याची अवस्था यांना स्वतंत्र नावे असावीत ही जाणीव आपल्या परंपरेत होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. याहून अधिक म्हणणे अप्रस्तुत होईल. धातूच्या रोपणाचा रोग सुश्रुताच्या वर्गीकरणात शोधणे अनैतिहासिक होय, आणि ‘दंतवेष्ट’ हे नाव येथे लावल्यास ‘दात हलणे’ हे लक्षण त्याबरोबर येईल. ते येथे लागू पडत नाही.

४

संज्ञेकडून व्याख्येकडे वळले असता काय दिसते? न्यायशास्त्राने लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. त्यांपैकी पहिले दोन येथे उपयोगी पडतात.

पहिली सर्वमान्य व्याख्या स्वित्झर्लंडमधील इटिंगेन येथे १९९३ साली भरलेल्या युरोपीय कार्यशाळेत ठरली आणि १९९४ साली आल्ब्रेक्टसन व इसिडोर यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा आशय असा : कार्यरत रोपणाभोवतीच्या मऊ ऊतींतील परत फिरणारा शोथ म्हणजे म्युकोसायटिस, आणि आधारभूत हाडाच्या हानीसह असलेला शोथ म्हणजे पेरिइम्प्लांटायटिस. या व्याख्येत दोन उणिवा आहेत. ‘परत फिरणारा’ हा धर्म निदानाच्या क्षणी दिसत नाही. शोथ परत फिरला की नाही हे पुढे उपचारानंतर कळते. जो धर्म भविष्यात सिद्ध व्हायचा त्यावर आजचे निदान आधारता येत नाही. दुसरी उणीव अतिव्याप्तीची. रोपणानंतर प्रारंभीच्या काळात हाडाची थोडी पुनर्रचना स्वाभाविकपणे होते. किती हाड गेले म्हणजे ‘हानी’ म्हणावयाचे हे व्याख्या सांगत नाही; म्हणून ही स्वाभाविक घटही तिच्या कक्षेत येऊ शकते.

२००८ सालच्या सहाव्या युरोपीय कार्यशाळेने भेदाचा आधार बदलला. शोथ श्लेष्मकलेत राहतो की आधारभूत हाडालाही ग्रासतो, या स्थानभेदावर तिने भर दिला. तार्किक दृष्टीने ही मोठी सुधारणा होय. भविष्यावर अवलंबून असलेला धर्म जाऊन त्या ठिकाणी वर्तमान स्थान आले.

पुढे २०१७ साली शिकागो येथे अमेरिकन व युरोपीय संस्थांच्या संयुक्त कार्यशाळेत आजची व्याख्या ठरली आणि ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार हा रोग जिवाणुथराशी निगडित असून त्यात रोपणाभोवतीच्या श्लेष्मकलेचा शोथ आणि त्यापाठोपाठ आधारभूत हाडाची वाढत जाणारी हानी होते. निदानासाठी तीन गोष्टी पाहावयाच्या : हलक्या हाताने शलाका घालून तपासले असता रक्त वा पू येणे, पूर्वीच्या मानाने खोली वाढलेली असणे, आणि प्रारंभीच्या पुनर्रचनेपलीकडे हाडाची हानी झालेली असणे. पूर्वीची नोंद उपलब्ध नसेल तर रक्त वा पू, ६ मिलिमीटर वा अधिक खोली आणि हाडाची पातळी ३ मिलिमीटर वा अधिक खाली गेलेली असणे, या खुणांवर निदान करावे, अशी पर्यायी तरतूद आहे.

ही व्याख्या पूर्वीच्या व्याख्यांहून काटेकोर आहे, यात शंका नाही. तथापि तिच्याविषयी दोन आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप कारणासंबंधीचा. १९९४ च्या व्याख्येत कारण सांगितलेले नव्हते. २०१७ च्या व्याख्येत ‘जिवाणुथराशी निगडित’ हे पद लक्षणातच आले. वर्णनाच्या जागी कारणमीमांसा आली की मतभेद मांडण्याची जागा आक्रसते. हा आक्षेप काल्पनिक नाही. ज्यांनी १९९४ ची व्याख्या सिद्ध केली त्याच आल्ब्रेक्टसन यांनी २०१४ च्या सुमारास सहकाऱ्यांसह वेगळे मत मांडले. रोपण ही शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू होय. हाडाचे जखडणे हाच परक्या वस्तूस दिलेला एक प्रतिसाद होय. आणि काही ठिकाणी हाडाची हानी ही या समतोलाच्या बिघाडातून होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे मत बहुसंख्य तज्ज्ञांनी स्वीकारलेले नाही, आणि जिवाणूंच्या भूमिकेस प्रयोगांचा भक्कम आधार आहे. परंतु व्याख्येतच जिवाणू घातले असता अन्य कारणाने गेलेले हाड ‘या रोगाचे नव्हेच’ असे केवळ शब्दाच्या बळावर म्हणता येते. वाद पुराव्याने सुटावयास हवा. तो व्याख्येने मिटविणे हा तर्कदोष आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आणि म्हणून अधिक गंभीर आहे. ‘पूर्वीच्या मानाने’ हे पद व्याख्येचा कणा आहे. हा रोग, तर्कशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, एका स्थितीचे नाव नसून दोन नोंदींमधील अंतराचे नाव आहे. पहिली नोंद नसेल तर रोग ठरविता येतो तो ३ मिलिमीटर हाड गेल्यानंतर. म्हणजे ज्याच्याजवळ जुने क्ष-किरण चित्र नाही, त्याच्या बाबतीत व्याख्येला अव्याप्तीचा दोष लागतो : प्रारंभीचा रोग असूनही तो तिच्यात बसत नाही. रोपण एका गावी, तपासणी दुसऱ्या गावी, आणि कागद कोठेच नाही, अशा रोग्याला हा दोष प्रत्यक्ष भोगावा लागतो. व्याख्याकारांचा यात प्रमाद नाही. नोंदीवाचून याहून अधिक काटेकोरपणा शक्यच नव्हता. परंतु व्याख्या समजून घेणाऱ्याने तिच्यातून निघणारे कर्तव्यही समजून घेतले पाहिजे. दात बसविल्यानंतरची पहिली मोजणी व पहिले चित्र रोग्याच्या हाती असणे, हे व्याख्येने न सांगितलेले पण तिच्यात अनुस्यूत असलेले कलम होय.

५

शब्दांच्या सीमा हलल्या की आकडे हलतात, याचे या विषयाइतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल. डेर्क्स व तोमासी यांनी २०१५ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. निरनिराळ्या अभ्यासांत म्युकोसायटिसचे प्रमाण १९ ते ६५ टक्के आणि पेरिइम्प्लांटायटिसचे १ ते ४७ टक्के असे आढळले. सरासरी अनुक्रमे ४३ व २२ टक्के निघाली. एक आणि सत्तेचाळीस यांमधील दरी केवळ रोग्यांच्या भिन्नतेने भरून निघणारी नाही. हाडाची किती हानी ‘हानी’ मानायची, याविषयीचे मतांतर तिच्यामागे मोठ्या प्रमाणात आहे.

याची सिद्धता स्वीडनमधील २०१६ सालच्या अभ्यासात मिळते. उपचारानंतर सुमारे नऊ वर्षांनी तपासलेल्या एकाच रुग्णसमूहात, रक्तस्राव वा पू यांसह अर्ध्या मिलिमीटरहून अधिक हाड गेले असेल तर रोग मानावा असे धरले असता ४५ टक्के रुग्ण रोगी ठरले. हीच मर्यादा २ मिलिमीटर केली असता, म्हणजे मध्यम व तीव्र रोगच मोजला असता, संख्या १४.५ टक्क्यांवर आली. माणसे तीच, तोंडे तीच, चित्रे तीच. बदलली ती फक्त शब्दाची मर्यादा. दात बसविण्यापूर्वी ‘धोका किती?’ असे विचारणाऱ्या रोग्यास यांपैकी कोणताही आकडा प्रामाणिकपणे सांगता येतो, आणि कोणताही आकडा व्याख्येवाचून सांगणे अप्रामाणिक ठरते.

यावरून सर्वच आकडे निरर्थक आहेत असा निष्कर्ष मात्र काढू नये. ज्या अभ्यासात व्याख्या एकच ठेवून दोन गट तुलिले आहेत, तेथे आकडा बोलका असतो. ब्राझीलमधील २०१२ सालच्या एका अभ्यासात म्युकोसायटिस असलेल्या रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेण्यात आला. नियमित देखभाल मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना व न मिळालेल्यांपैकी ४३.९ टक्क्यांना पुढची अवस्था प्राप्त झाली. दोन अवस्थांमधील सीमारेषा काल्पनिक नाही. ती ओलांडली जाणे बऱ्याच अंशी टाळता येते, हे यावरून कळते. मग ती रेषा भाषेत दिसलीच पाहिजे.

६

आता मराठी पर्यायांकडे वळावे. येथे प्रत्येक घटकापाशी एक अडचण उभी आहे.

‘इम्प्लांट’ला ‘दंतरोपण’ हा पर्याय रूढ होत आहे. कित्येकदा ‘दंतप्रत्यारोपण’ असेही लिहिले जाते. दुसरा शब्द सरळ चुकीचा आहे. ‘प्रत्यारोपण’ म्हणजे सजीव अवयव एका जागेहून काढून दुसरीकडे लावणे. येथे तसे काहीच घडत नाही. ‘रोपण’ हा शब्द अर्थाने बरोबर असला तरी तो क्रियावाचक आहे. ‘दोन दंतरोपणे केली’ असे म्हटले असता क्रिया कळते. हाडात राहिलेली वस्तू कळत नाही. परिणामी ‘रोपणाची सूज’ म्हटले की श्रोता शस्त्रक्रियेनंतरची सूज समजतो. ती काही दिवसांची व स्वाभाविक असते. वर्षांनंतर आलेली सूज मात्र स्वाभाविक नसते. येथे एका प्रत्ययार्थाच्या घोटाळ्याने रोगाचे गांभीर्य नाहीसे होते. आयुर्वेदात ‘रोपण’ म्हणजे व्रण भरून येणे, ही आणखी एक छटा जुन्या वाचकाच्या मनात असतेच. वस्तूसाठी ‘रोप’ म्हणावे, तर ते वाढणारे, मूळ धरणारे असते. स्क्रू वाढत नाही. त्याहून फसवे आहे ते ‘स्क्रू हाडाशी एकजीव झाला’ हे नित्याचे वाक्य. ‘एकजीव’ होण्यास दोन्ही बाजूंस जीव हवा. धातूला जीव नाही, आणि नेमकी तीच त्याची दुर्बलता आहे. ‘एकजीव झाला’ हे ऐकलेला रोगी आता काही करावयाचे उरले नाही असे समजल्यास त्याचा दोष किती? वस्तूसाठी ‘इम्प्लांट’ हा लोकांच्या तोंडी बसलेला शब्द ठेवावा व क्रियेसाठी ‘दंतरोपण’ वापरावा, हा मार्ग त्यातल्या त्यात निर्धोक दिसतो. ‘पायोरिया’ पचविणाऱ्या भाषेला ‘इम्प्लांट’ जड जाणार नाही.

‘-आयटिस’साठी ‘दाह’ आणि ‘शोथ’ हे दोन शब्द उपलब्ध आहेत. युरोपीय शब्दाच्या मुळाशी आग आहे, म्हणून व्युत्पत्तीने ‘दाह’ जवळचा. परंतु मराठी श्रोत्यास ‘दाह’ म्हणजे जळजळ. आणि या रोगात जळजळ नसतेच म्हटले तरी चालेल. ‘शोथ’ संस्कृतात केवळ सूज दाखवितो. लाली, सूज, उष्णता व वेदना ही चार चिन्हे रोमन लेखक सेल्सस याने सांगितली. त्यांपैकी एकच चिन्ह ‘शोथ’ या शब्दात येते. मराठी विश्वकोशातील वैद्यकीय नोंदींत ‘शोथ’ या संज्ञेस ‘दाहयुक्त सूज’ असा खुलासा जोडलेला आढळतो तो याच कारणाने. शास्त्रीय लेखनात या खुलाशासह ‘शोथ’ योग्य होय. रोग्याशी बोलताना ‘सूज’ हाच शब्द चालणार, हे मान्य करून पुढे जावे.

तिसरी अडचण हाडाची. मूळ संज्ञेत हाडाचा उल्लेख नाही. लेव्हिन्याक यांच्या तीन शब्दांतील जो गळाला तोच येथे हवा आहे. ‘अस्थिक्षय’ म्हणावे तर मराठीत ‘क्षय’ म्हणजे राजयक्ष्मा, आणि ‘हाडाचा क्षय’ हा सर्वस्वी निराळा रोग म्हणून लोकांस माहीत आहे. ‘हाडाची झीज’ म्हणावे तर ती वार्धक्याची, अपरिहार्य अशी वाटते. शोथ व जिवाणू दोन्ही दृष्टिआड होतात. शास्त्रीय लेखनासाठी पहिल्या अवस्थेस ‘परिरोप श्लेष्मशोथ’ आणि दुसरीस ‘परिरोप सशोथ अस्थिऱ्हास’ अशी जोडी सुचविता येईल. समासाच्या पूर्वपदात ‘रोप’ शब्दाच्या वनस्पतिवाचक छटेचा उपद्रव फारसा होत नाही. आणि ‘सशोथ’ या विशेषणाने कारणाचा वाद न मिटविता शोथाची नोंद होते. ही जोडी बोजड आहे हे मान्य करावयास हवे. परंतु ती लिहिण्यासाठी आहे.

बोलण्यासाठी मात्र मराठीजवळ याहून चांगले साधन आहे, आणि ते नामात नसून शब्दयोगी अव्ययांत आहे. ‘इम्प्लांटभोवतीची सूज हिरडीपुरती आहे’ आणि ‘सूज हाडापर्यंत उतरली आहे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावी. ‘पुरती’ या शब्दात मर्यादा आहे आणि ती ओलांडली जाण्याची शक्यताही सूचित आहे. ‘पर्यंत’मध्ये मार्ग व शेवट आहे, ‘उतरली’ या क्रियापदात गती आहे. २००८ च्या कार्यशाळेने जो स्थानभेद केला तो येथे जसाच्या तसा उतरतो. शिवाय एक अवस्था दुसरीत जाते हा कालक्रमही त्यात येतो. ग्रीक-लॅटिन नावांच्या जोडीत हा क्रम नाही. ‘म्युकोसायटिस’ व ‘पेरिइम्प्लांटायटिस’ ऐकून त्यांतील कोणती अवस्था आधीची हे अनभिज्ञास कळण्याचा मार्ग नाही. ‘हिरडीपुरती’ ऐकणारा रोगी आपण होऊन पुढचा प्रश्न विचारतो : ‘पुढे जाईल का?’ संज्ञेने रोग्याकडून हा एक प्रश्न काढून घेतला, तरी तिचे निम्मे कार्य झाले.

७

या परीक्षणातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. ‘पेरिइम्प्लांटायटिस’ ही संज्ञा दाताच्या रोगाशी असलेल्या साम्यावर घडली; ते साम्य जिवाणूंच्या बाबतीत खरे असले तरी ऊतींची रचना, रोगाची गती व बाह्य लक्षणे यांच्या बाबतीत अपुरे आहे. व्याख्या १९९४ पासून २०१७ पर्यंत अधिकाधिक काटेकोर होत गेली. परंतु तिने कारण लक्षणात गोवले आणि रोगाचे निदान पूर्वनोंदीवर अवलंबून ठेवले. मराठीत या संज्ञेचे नुसते रूपांतर केल्यास मूळची उणीव, म्हणजे हाडाचे विस्मरण, कायम राहते आणि ‘रोपण’, ‘एकजीव’, ‘क्षय’, ‘दाह’ या शब्दांच्या देशी छटांनी तिच्यात भर पडते.

परिभाषेचे काम म्हणजे परक्या शब्दापुढे आपला शब्द मांडून रकाने भरणे, ही कल्पना सोडून देण्याची आवश्यकता या एका उदाहरणाने पटावी. परका शब्द काय सांगतो याइतकेच तो काय लपवितो हेही पाहावे लागते. आणि आपल्या शब्दाने ऐकणारा काय करील, ही त्याची अखेरची कसोटी असते. पदव्युत्तर अभ्यासकांनी वैद्यकाच्या अन्य शाखांतील नावे या कसोटीवर तपासावीत. एखादे शब्दयोगी अव्यय योग्य जागी पडल्याने कोणाचे हाड वाचणार असेल, तर व्याकरणाच्या अभ्यासाचे त्याहून वेगळे समर्थन शोधण्याची गरज नाही.